दोर पाण्यात असताना

गुरुवारी सकाळी सायलीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत बसून चपलांचे तळवे पाहत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं इथे आखाताच्या काठी, फहाहीलच्या पुढच्या दगडांवर मासे धरायला जाणार होतो, आणि शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून मधूने मला चपला तपासून ठेवायला सांगितलं होतं. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. सायली मधूची मुलगी, इथल्या रुग्णालयात नर्स आहे. अशी बातमी कशी द्यायची ते तिला येतं. आवाज स्थिर होता. "ड्यूटीवरून आले तर खुर्चीत बसलेले. उद्यासाठी कोळंबी फ्रीजरमधून काढून वाडग्यात ठेवली होती त्यांनी. ती सगळी सुटून पाणी झालं होतं, म्हणजे..." ती थांबली. म्हणजे किती वेळ झाला असेल, हे तिला त्या कोळंबीवरून कळलं होतं. मी "अरे देवा" म्हटलं. पण मनात आधी आलं ते वेगळंच होतं. आता राहिलं ते राहिलंच, असं आलं. मधूच्या आधी मला माझंच आठवलं.

सायलीने त्याला गावी, आचऱ्याला नेलं. तिथलं सगळं उरकून ती परत आली आणि इथल्या मराठी मंडळींनी अब्बासियात एक हॉल घेऊन शोकसभा ठेवली. चाळीसएक माणसं होती. एक जुने गृहस्थ बोलायला उभे राहिले. म्हणाले, कुबल हातचा कसबी माणूस. आयुष्यात एकदाच चुकला, पण सोहोनीसाहेबांसारखा वरिष्ठ पाठीशी होता म्हणून तरला. सोहोनी म्हणजे मी. माना हलल्या. मग सायली उठली. कागद वगैरे काही नव्हता हातात. "बाबांच्या हातून जे झालं ते काकांनी पोटात घातलं," ती म्हणाली, "काका नसते तर आम्ही कुठे असतो, मला माहीत नाही." आणि सगळ्यांसमोर येऊन ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला. काढून घेतला नाही. म्हातारा गहिवरला असं लोकांना वाटलं असेल.

मधूच्या हातून काहीही झालं नव्हतं. जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि ते त्याच्या नावावर मीच लावलं. हे सांगण्यासाठी हा लेख आहे. बावीस वर्षं उशीर झालेला आहे. ज्याला ऐकवायचा तो आता नाही. पण त्याच्या नावाला लागलेलं अजून तसंच आहे, आणि ते पुसू शकणारा मी एकटाच उरलो आहे. माझं वय आता चौऱ्याहत्तर, इथे मुलाकडे राहतो.

आम्ही दोघं अहमदीजवळ एका ठेकेदार कंपनीत होतो. ती कंपनी आता नाही, तिचं नाव घेण्यात अर्थ नाही. तेलाच्या कारखान्यांतले पंप चालू ठेवण्याचं काम आमच्याकडे असे. मी पुण्याहून आलेला इंजिनियर, देखभाल विभागाचा प्रमुख; तो माझ्या हाताखालचा पंप मेकॅनिक. तोवर आमच्याकडे कंपन मोजायची यंत्रं आली होती, पण मी यंत्राआधी मधूला पाठवायचो. तो लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालत्या पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग दुसऱ्या हाताची तर्जनी पंपाच्या अंगावर ठेवायचा, नाडी बघितल्यासारखी. तेवढ्यावरून सांगायचा, हा आठ दिवस जाईल, ह्याला काही झालेलं नाही, ह्याचा रोग पलीकडे मोटरमध्ये आहे. त्याचं चुकलेलं मी पाहिलं नाही.

तीच तर्जनी तो दोराला लावायचा. समुद्राचा नाद त्याला आचऱ्याहून होता, मला त्याने इथे लावला. काठी नाही, चक्र नाही; लाकडाच्या फळकुटावर गुंडाळलेला नायलॉनचा दोर, शिशाचा गोळा, गळ आणि मीठ लावलेली कोळंबी. उन्हाळ्यात इथे दगडावर हात ठेवता येत नाही, त्यामुळे आमचे दिवस म्हणजे उन्हाळा सरल्यावरचे. नोव्हेंबर लागला की पाणी हळूहळू गार होतं. मग डिसेंबरात वायव्येचा बोचरा वारा सुटेपर्यंतचे पाचसहा शुक्रवार. त्या पाण्यात मासा असतो, पण सुस्त असतो. इथले लोक ज्याला शेम म्हणतात तो चंदेरी मासा; मधू त्याला आपल्या गावचा समजून पालूच म्हणायचा. उन्हाळ्यातला मासा आमिष ओढून पळतो. हा ओढत नाही, तोंडात धरून नुसता बसतो. बोटावरच्या दोराचं वजन किंचित बदलतं, तेवढंच. मी हटकून घाईने हिसका द्यायचो आणि गळ रिकामा वर यायचा. "घाय करतात तुमी, सायबानू," तो म्हणायचा, "तो अजून चाखून बघता हा. थंड पाण्यातल्या माशाक वेळ दिवक व्हयो." कारखान्यात मी त्याला कुबल म्हणायचो, दगडांवर मधू. तो मला दोन्हीकडे सायबानूच म्हणायचा.

आणि त्याचा एक नियम होता. दोर पाण्यात असताना बोलायचं नाही. त्याच्या वडिलांचा नियम होता म्हणे. बोललं की लक्ष बोटावरून उडतं. बोलायचं ते दोर वर घेतल्यावर, थर्मासमधला चहा ओतल्यावर, साधारण दहाच्या सुमाराला. मी सुरुवातीला चेष्टा करायचो, "अरे, मासा काय मराठी समजतो?" तर तो बोट ओठांवर ठेवायचा. हा नियम पुढे माझ्या किती उपयोगी पडणार होता, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तो दिवस जानेवारीतला. एका पंपावरून मधू सकाळी माझ्या खोलीत आला. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. "सायबानू, ह्येका बंद करूक व्हयो. ह्यो दोन दिवस काय काढूचो नाय." त्या पंपाचा जोडीदार दुरुस्तीसाठी आधीच उघडून ठेवलेला होता. म्हणजे हा बंद केला की सगळं युनिटच बंद. तिकडे माल चढवायला जहाज लागलेलं, वरून दर तासाला फोन. मी म्हटलं, रविवारपर्यंत ओढू या, तोवर दुसरा तयार होईल. रोजच्या पद्धतीप्रमाणे पाळीच्या नोंदवहीत लिहायला त्याने पेन काढलं. मी त्याचा हात धरला. खरोखर धरला. "वहीत लिहू नकोस. लिहिलंस की मला तो बंदच करावा लागेल." त्याने माझ्याकडे पाहिलं, पेनला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. आपली माणसं साहेबाच्या तोंडी शब्दाला कागदापेक्षा जास्त मानतात. बाहेरचा कोणी असता तर म्हणाला असता, ठीक आहे, मग न लिहिण्याचा हुकूम लेखी द्या. मधूने टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेअरिंग जाम झालं, सील फुटलं आणि गरम तेलाने पेट घेतला. आग लगेच विझली. पण व्हॉल्व्ह बंद करायला धावलेल्या थॉमस नावाच्या केरळी ऑपरेटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तो वाचला, नंतर गावी परत गेला. त्याचा पत्ता मिळवणं मला अवघड नव्हतं. मी मिळवला नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी मधूला माझ्या गाडीत बसवलं. गाडी समुद्राकडे तोंड करून उभी केली आणि त्याला सांगितलं की, उद्या विचारतील तेव्हा म्हण, माझ्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, खरं सांगितलं तर दोघंही जाऊ. तू एकटा गेलास तर मी आत असेन, तुला कुठेतरी लावून देईन. हे मी फार समजुतीच्या स्वरात बोललो. मला ते तेव्हा खरंच शहाणपणाचं वाटत होतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. मी घाबरलो होतो, बस. मधूची नजर समोरच्या पाण्यावर होती. त्याने एकच विचारलं, "सायलीच्या शाळेचा वर्स पुरा होतला मां?" सायली तेव्हा बारा वर्षांची, इथल्या इंग्रजी शाळेत. मी म्हटलं, "होईल. मी बघतो."

चौकशीच्या टेबलाशी तिघं होते. मला विचारलं, कुबलने तुम्हाला या पंपाबद्दल आधी काही सांगितलं होतं का? मी म्हणालो, "नो." एवढंच. वही उघडली, वहीत नोंद नव्हती. मधूला आत बोलावलं. तो म्हणाला, "माझ्या लक्षात आलं नाही." ज्याच्या बोटाला कळलं नाही असं कधी झालं नव्हतं, त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने हे म्हटलं... माझ्यासमोर... आणि मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसलो.

त्याची नोकरी गेली. मी शब्द पाळला, म्हणजे तेवढाच पाळला. धावपळ करून त्याला रिलीज मिळवून दिला, म्हणजे देश न सोडता दुसऱ्या मालकाकडे जायची परवानगी, आणि शुवैखमधल्या एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये चिकटवलं. त्या पगारात कुटुंबाला इथे ठेवण्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मिळत नव्हता. शाळेचं वर्ष संपायला तीन महिने असताना त्याची बायको शालिनीवहिनी आणि सायली आचऱ्याला परत गेल्या. विमानतळावर सोडायलाही मीच गेलो होतो, माझ्या गाडीतून. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी होतात म्हणून." सायली शाळेचा बिल्ला लावून आली होती.

आणि इथल्या आपल्या माणसांत गोष्ट पसरली. कुबलने घोटाळा केला, सोहोनीसाहेबांनी त्याला रस्त्यावर येऊ दिलं नाही. मी कोणाला असं सांगितलं नव्हतं, पण कोणी तसं म्हटलं तर "अहो, त्यात काय..." म्हणायचो. हे "त्यात काय" मी बावीस वर्षं म्हणत आलो. गणपतीत, हळदीकुंकवाला, लोकांच्या घरी जेवताना. माझ्या बायकोलाही मी खरं सांगितलं नाही. ती गेली तेव्हा मला मोठ्या मनाचा समजून गेली.

त्या वर्षीचा उन्हाळा गेला. मधू आता तोंड दाखवणार नाही असं मी धरून चाललो होतो, खरं तर तशी आशाच होती. नोव्हेंबरात फोन आला. "सायबानू, पाणी गार होवक लागला. शुक्रवारी येतात?" मी गेलो. दगड तेच, थर्मास तोच. त्याने माझ्या दोराला गळ बांधून दिला आणि आम्ही दोर पाण्यात सोडले. बोलायचं नव्हतं, कारण नियम होता. त्या सकाळी मला तो नियम देवासारखा वाटला. मग दर वर्षी तेच. उन्हाळा सरत आला की मी स्वतःशी म्हणायचो, यंदा सांगायचं, यंदा माफी मागायची. दगडांवर बसलो की म्हणायचो, आता दोर पाण्यात आहे, चहाच्या वेळी. चहाच्या वेळी ऊन झालेलं असे, त्याला परतायचं असे, गावच्या पावसाची गोष्ट निघे. एवीतेवी मधूही कधी विषय काढत नव्हता. मी मनाची समजूत काढली, तो विसरला. माणूस असलं विसरतो, असं मी इंजिनियरिंग शिकलेला माणूस मानून बसलो.

एका नोव्हेंबरात त्याचा फोन आला, "ह्या शुक्रवारी जमाचा नाय. गावाक जातंय." कशाला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आठवड्याने दुसऱ्या कोणाकडून कळलं की शालिनीवहिनी काविळीने गेल्या, आणि वर्कशॉपच्या मालकाने सुट्टी दिली ती तिसऱ्या दिवशी. मधू पोचला तेव्हा घरात फक्त दिवा होता. परत आल्यावरच्या शुक्रवारी तो नेहमीसारखा दगडांवर आला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने माझा गळ बांधून दिला. बायको आठ वर्षं त्याच्यापासून लांब होती ती माझ्या एका "नो"मुळे, हे त्या सकाळी तरी मी म्हणायला हवं होतं. दोर पाण्यात होते.

पुढे सायली नर्स झाली, इथे नोकरीला आली आणि बापाला तिने आपल्या इकाम्यावर घेऊन स्वतःजवळ ठेवलं. वर्कशॉप सुटलं. शेवटची सहा वर्षं त्याला लेकीच्या हातचं जेवण मिळालं. हे मी केलेलं नाही, हे तिने केलं.

आता शेवटचा शुक्रवार. तो गेला त्याच्या आधीच्या आठवड्यातला. पाणी पुरतं गार झालं होतं आणि मासा संथपणे लागत होता. त्याचे दोन झाले होते, माझा नेहमीसारखा एकही नाही. साडेआठ वाजले असतील. चहाला अजून खूप अवकाश होता. मधूने दोर वर घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं लागला काहीतरी. पण गळ रिकामा होता. त्याने दोर फळकुटावर नीट गुंडाळला, गळ लाकडात रुतवला आणि फळकूट मांडीवर ठेवून बसला. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. "दोर वर घेतलंय, सायबानू," तो म्हणाला. "तुमचो पण घेवा वर." मी घेतला. मग तो म्हणाला, "आता बोलूक हरकत नाय."

लांब दोन जहाजं नांगरून उभी होती. मला त्याची तर्जनी दिसत होती. दोराने पडलेली आडवी रेघ, पांढरी. तो माझ्याकडे बघत नव्हता. मासा लागताना बसायचा तसाच बसला होता, हिसका न देता... वेळ देत. माझ्या तोंडात शब्द होते, आजही आहेत. मधू, त्या दिवशी मी. एवढं म्हटलं असतं तरी पुढचं त्याला माहीत होतं.

मी म्हणालो, "सकाळची गोळी घेतलीस का रे?"

"घेतलंय."

मग मी म्हणालो, "चहा घेऊ या."

त्याने थर्मास उघडला. आधी माझा कप भरला, मग स्वतःचा. चहा संपल्यावर म्हणाला, "फुडच्या शुक्रवारी शेवटचा. मगे वारो सुटतलो." त्याला माझं ऐकायचं होतं की स्वतः काही बोलायचं होतं, की नुसती पाठ दुखत होती म्हणून त्याने दोर लवकर घेतला, हे मला आता कधीच कळणार नाही. पण मला जे वाटतं ते मी लिहितो. त्याने मला वाट करून दिली होती. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने, ज्याचं सगळं मी घेतलं त्याने, माझी अडचण समजून स्वतःचा नियम आधी मोकळा केला. आणि मी त्याला रक्तदाबाच्या गोळीचं विचारलं.

शोकसभेनंतर सायलीने मला त्याचा डबा आणून दिला. बिस्किटांचा निळा गोल डबा, कडा गंजलेल्या. "तुमच्याकडे असू दे काका, त्यांना आवडलं असतं." आत आमच्या दोघांची फळकुटं, शिशाचे गोळे आणि बांधून तयार ठेवलेले सहा गळ. चार साधे. दोन लहान, त्यांच्या गाठीला लाल दोरा. लाल दोरा माझ्यासाठी. माझ्या डोळ्यांना आता गाठ दिसत नाही म्हणून. शेवटच्या शुक्रवारसाठी त्याने माझेही गळ बांधून ठेवले होते. तो डबा मी तीन दिवस घरात ठेवू शकलो. चौथ्या दिवशी तो गॅलरीत नेऊन ठेवला आणि हे लिहायला बसलो, आणि लिहून झाल्यावर सायलीला बोलावलं. तिच्याआधी हे दुसऱ्या कोणी वाचू नये एवढं तरी मला कळत होतं.

ती ड्यूटीवरून तशीच आली. माझ्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. सायलीला येतं, कारण बाराव्या वर्षी तिला इथल्या शाळेतून काढून आचऱ्याच्या शाळेत घालावं लागलं. सोफ्यावर बसून तिने सगळी पानं वाचली. एकदा मागे जाऊन कुठलं तरी पान परत वाचलं. कुठलं, ते मी बघितलं नाही.

"आई ह्याच समजुतीत गेली," ती म्हणाली, "की बाबांकडून चूक झाली. ती त्यांना म्हणायचीसुद्धा. भांडणात."

तिने पानं सारखी केली.

"आणि मीपण."

मी म्हटलं, "तू नको म्हणालीस तर नाही छापायला देणार."

"का नाही? छापा." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि नुसतं मधू, कुबल असं नको. पूर्ण नाव घाला. मधुकर भिकाजी कुबल. आचऱ्याला लोक पेपर वाचतात." तिने पानं टेबलावर ठेवली, गॅलरीत गेली आणि डबा उचलून घेऊन आली. "हा मी नेते." दारापर्यंत गेल्यावर सवयीने म्हणाली, "येते काका." मग तिथेच थांबली. तो 'काका' परत घेता आला असता तर तिने घेतला असता, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. ती गेली. त्यानंतर फोन नाही, आणि मीही केलेला नाही.

मधुकर भिकाजी कुबल यांनी त्या पंपाबद्दल मला वेळेवर आणि अचूक सांगितलं होतं. नोंद करू नकोस असं मी सांगितलं. चौकशीत मी खोटं बोललो आणि त्यांना खोटं बोलायला लावलं.

मागच्या शुक्रवारी मी एकटाच दगडांवर गेलो. वारा सुटला आहे, आता तिथे कोणी फारसं येत नाही. मधूच्या जागी बसलो. दोर नव्हता, तो सायलीकडे आहे. दोर पाण्यात नाही म्हणजे बोलायला हरकत नाही, असा हिशोब करून मी बोलायला लागलो. मोठ्याने. मधू, त्या दिवशी मी... इथपासून सगळं, इथे लिहिलेलं आणि न लिहिलेलं. किती वेळ बोलत होतो कोणास ठाऊक. पलीकडच्या दगडावर एक म्हातारा इजिप्शियन अंगाभोवती घोंगडी घेऊन बसला होता, तो मला आधी दिसलाच नव्हता. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. रागावला नव्हता. त्याने एक बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली.

त्याचा दोर पाण्यात होता.